प्रकल्पविरोधी समितीने पक्ष काढावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक समिती सात वर्षं एका प्रकल्पाविरुद्ध लढते आहे. मोर्चे झाले, उपोषणं झाली, कोर्टात तारखांवर तारखा पडतायत. सगळ्या पक्षांचे पुढारी मांडवात येऊन पाठिंबा देऊन गेले आणि सत्तेत बसल्यावर ओळख विसरले. आता समितीतली तरुण मंडळी म्हणतात, दुसऱ्यांच्या दारात किती दिवस उभं राहायचं, आपणच पक्ष काढू. जुनी मंडळी म्हणतात, राजकारणात पडलो की संपलो. जगात पर्यावरणाच्या आंदोलनातून खरोखर पक्ष उभे राहिले का, आणि राहिले तर कशाच्या जोरावर?

आंदोलनातल्या कार्यकर्त्यांची शिबिरं मी वीसेक वर्षं घेतोय, आणि जवळजवळ प्रत्येक शिबिरात दुसऱ्या दिवशी जेवणानंतर हा वाद निघतोच. म्हणून आधी उत्तर सांगतो, मग कारणं. पक्ष उभे राहिले, काही सरकारातही गेले. पण ज्या लढ्यांतून ते जन्मले, ते लढे त्या पक्षांनी जिंकलेले नाहीत. काही लढे हरले, आणि जे जिंकले ते दुसऱ्याच हत्यारांनी. हा तपशील तरुण मंडळींना आवडत नाही, पण तुमच्या बैठकीत त्यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवा.

सुरुवात ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया या बेटाच्या राज्यापासून करू, कारण जगातला पहिला हरित पक्ष म्हणून ज्याचं नाव घेतात तो तिथला. लेक पेडर नावाचं, गुलाबी छटेच्या वाळूचा किनारा असलेलं डोंगरातलं तळं होतं. जलविद्युत प्रकल्पासाठी ते बुडवायचं ठरलं. सरकारी पक्ष प्रकल्पाच्या बाजूचा आणि विरोधी पक्षही प्रकल्पाच्याच बाजूचा. मत द्यायचं कुणाला? म्हणून 23 मार्च 1972 रोजी होबार्टच्या टाऊन हॉलमध्ये सभा झाली आणि युनायटेड टास्मानिया ग्रुप स्थापन झाला. महिन्याभरात निवडणूक होती. चार टक्क्यांच्या आसपास मतं पडली, जागा एकही नाही. तळं बुडालं.

पुढे त्याच बेटावर फ्रँकलिन नदीवर धरण यायचं ठरलं, तेव्हा आंदोलन कितीतरी शहाणं झालं होतं. 1981 च्या सार्वमतात सरकारने मतपत्रिकेवर फक्त दोन पर्याय ठेवले, धरण इथे की तिथे. तिसरा पर्यायच नाही. तर जवळजवळ एक तृतीयांश मतदारांनी मतपत्रिकेवर स्वतःच्या हाताने ‘धरण नको’ असं लिहिलं. 1982 च्या डिसेंबरात नदी अडवून धरणारं आंदोलन सुरू झालं, बाराशेहून जास्त माणसांना अटक झाली. त्यातले एक डॉक्टर बॉब ब्राऊन. ते तुरुंगातून सुटले आणि सुटताच राज्याच्या विधिमंडळात गेले, कारण एका सदस्याने राजीनामा दिला होता आणि तिथल्या पद्धतीनुसार जुन्या मतांची फेरमोजणी होऊन ती जागा ब्राऊन यांना मिळाली. चित्रपटात शोभावा असा प्रसंग. पण एका आमदाराने धरण थांबलं नाही. थांबलं ते मार्च 1983 मध्ये केंद्रात, धरण होऊ न देण्याचं वचन दिलेला लेबर पक्ष निवडून आला आणि जुलैमध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (तिथलं सर्वोच्च न्यायालय तेच) चार विरुद्ध तीन अशा निकालाने केंद्राची बाजू उचलून धरली म्हणून. म्हणजे एका मोठ्या पक्षाला वचनात बांधणं, आणि कोर्ट.

न्यूझीलंडमध्येही तेच. मानापौरी सरोवराची पातळी वाढवू नये म्हणून 1970 मध्ये अडीच लाखांहून जास्त सह्यांचं निवेदन गेलं; लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के. 1972 मध्ये लेबर पक्षाने सरोवराला हात लावणार नाही असं सांगितलं, निवडून आला आणि शब्द पाळला. त्याच वर्षी तिथे व्हॅल्यूज पार्टी नावाचा हरित विचारांचा पक्ष निघाला होता, पण सरोवर वाचवण्याचं श्रेय त्याच्या खात्यावर जात नाही.

आता जर्मनी. नैऋत्येला, फ्रान्सच्या सीमेजवळ व्हील नावाचं गाव आहे. आजूबाजूला द्राक्षमळे. तिथे अणुवीज केंद्र यायचं होतं. शिबिरात मी हे उदाहरण घेतो तेव्हा एक गोष्ट मुद्दाम सांगतो: खुद्द व्हील गावाने जानेवारी 1975 मध्ये मतदान घेऊन जमीन विकायला बहुमताने होकार दिला होता, साधारण 55 टक्के. ‘सगळं गाव एक’ हे पोस्टरवर ठीक आहे. प्रत्यक्षात सगळं गाव कधीच एक नसतं. विरोधाचा जोर शेजारच्या गावांतून आला. शीतन मनोऱ्यांतून निघणाऱ्या वाफेने धुकं वाढेल आणि द्राक्षं जातील, ही तिथल्या शेतकऱ्यांची पहिली भीती होती. किरणोत्सर्गाची चर्चा नंतर आली. 18 फेब्रुवारीला लोकांनी जागा ताब्यात घेतली, दोन दिवसांत पोलिसांनी रिकामी केली, आणि 23 फेब्रुवारीला हजारोंच्या जमावाने ती पुन्हा घेतली. मग कित्येक महिने सोडली नाही. मुख्यमंत्री फिल्बिंगर म्हणत होते, हे केंद्र झालं नाही तर दशकाच्या अखेरीस राज्यातले दिवे जायला लागतील. दिवे गेले नाहीत. केंद्र झालंच नाही. आणि हरित पक्षाची स्थापना झाली जानेवारी 1980 मध्ये, कार्ल्सरूह शहरात. व्हीलच्या ताब्यानंतर पाच वर्षांनी.

मग पक्ष आला कुठून? माझ्या मते तो आला त्या मधल्या पाच वर्षांतून. व्हीलच्या जंगलात आंदोलकांनी झोपडी बांधून लोकविद्यापीठ चालवलं. शेतकरी, पाद्री, विद्यार्थी, भौतिकशास्त्रज्ञ एका बाकावर बसून अणुऊर्जा, वीजदर, पोलिसी कायदा असल्या विषयांवर व्याख्यानं ऐकत होते. ‘तज्ज्ञ सरकारकडे, भावना आपल्याकडे’ ही वाटणी तिथे मोडली. 1977 मध्ये फ्रायबुर्गला इको इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था निघाली ती याच मंडळींच्या गरजेतून: कोर्टात उभं करायला आपला म्हणून अभियंता हवा. आणि दुसरीकडे ब्रोकडॉर्फ, गोर्लेबेन, काल्कार अशी नव्या अणुप्रकल्पांची एकामागून एक नावं पुढे येत होती. एक फाइल बंद झाली की दुसरी उघडते. प्रत्येक प्रकल्पाला वेगळी समिती, प्रत्येक समितीला वेगळा वकील, आणि फाइली काढणारं धोरण मात्र एकच. हे ज्यांना उमगलं त्यांच्या डोक्यात पक्षाचा विचार आला. तुमच्या समितीला तुमचाच प्रकल्प थांबवायचा असेल तर पक्ष हे त्यासाठी फार महागडं आणि फार सावकाश चालणारं हत्यार आहे. प्रकल्प काढणारी पद्धत बदलायची असेल, आणि त्यासाठी वीस वर्षं द्यायची तयारी असेल, तर मात्र पुढचं वाचा.

आता दाराबद्दल, म्हणजे मिळालेल्या मतांवर सभागृहात शिरता येतं का याबद्दल. कार्यकर्ते तळमळ, त्याग, जनाधार यांवर तासभर बोलतात आणि मतं जागांमध्ये कशी बदलतात यावर पाच मिनिटंही नाही. न्यूझीलंडच्या दोन निवडणुका शेजारी ठेवून पाहा. 1975 मध्ये व्हॅल्यूज पार्टीला 5.2 टक्के मतं मिळाली. जागा शून्य, कारण प्रत्येक मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं तोच विजयी. 1999 मध्ये तिथल्या ग्रीन पार्टीला जवळजवळ तेवढीच, 5.16 टक्के मतं मिळाली. जागा सात. मधल्या काळात लोक बदलले नव्हते, मोजणी बदलली होती. 1993 च्या सार्वमतानंतर देशाने पक्षाच्या एकूण मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत घेतली होती. ब्रिटनच्या ग्रीन पार्टीला 1989 च्या युरोपीय निवडणुकीत वीस लाखांहून जास्त, म्हणजे साधारण पंधरा टक्के मतं पडली आणि हाती भोपळा आला. वेस्टमिन्स्टरच्या संसदेत त्यांचा पहिला खासदार 2010 मध्ये गेला, तोही ब्रायटनच्या एकाच मतदारसंघात वर्षानुवर्षं मुरून काम केल्यावर.

जर्मनीत दार होतं, पण त्याला पाच टक्क्यांचा उंबरठा होता. 1979 मध्ये ब्रेमेन या छोट्या राज्यात हरित यादीने 5.1 टक्के मिळवून तो जेमतेम ओलांडला. 1980 च्या राष्ट्रीय निवडणुकीत पक्ष 1.5 टक्क्यांवर आपटला. 1983 मध्ये 5.6 टक्के, आणि मंडळी झाडं-फांद्या हातात घेऊन संसदेत शिरली. आणखी एक बिनगाजावाजाची गोष्ट होती: पक्षांना निवडणूक खर्चाचा परतावा मिळालेल्या मतांच्या हिशेबाने मिळे. 1979 च्या युरोपीय निवडणुकीत हरित यादीला 3.2 टक्के मतं पडली, जागा नाही मिळाली, पण लाखो मार्क मिळाले. पक्षबांधणीचा पहिला मोठा पैसा तो. हरूनही पैसे मिळतात ही सोय ज्या देशात नाही, तिथल्या कार्यकर्त्याने जर्मनीचा कित्ता गिरवताना हे आधी वहीत लिहावं.

दार बंदही करता येतं. टास्मानियात 1998 मध्ये दोन मोठ्या पक्षांनी एकमताने विधानसभेच्या जागा 35 वरून 25 वर आणल्या. काटकसर हे सांगायचं कारण. प्रत्येक मतदारसंघातून सात ऐवजी पाच जण निवडायचे ठरल्यावर एका जागेसाठी लागणारा वाटा साडेबारा टक्क्यांवरून सुमारे पावणेसतरा टक्क्यांवर गेला. हरितांची मतं फक्त टक्काभर घटली, पण जागा चारावरून एकावर आली. जागा पुन्हा 35 व्हायला 2024 उजाडलं.

जिथे सर्वाधिक मतांवरच विजय ठरतो तिथे भूगोल सगळ्यात आधी बघा. प्रकल्पबाधित माणसं एका मतदारसंघात एकवटलेली आहेत की चार मतदारसंघांच्या कडांवर पसरली आहेत? नद्या आणि डोंगर मतदारसंघांच्या हद्दी बघून वाहत नाहीत. नर्मदेचं खोरं तीन राज्यांत पसरलेलं. इतकं मोठं आंदोलन, इतकं मोठं नाव, आणि मेधा पाटकर 2014 मध्ये लोकसभेला उभ्या राहिल्या त्या ईशान्य मुंबईतून, आम आदमी पक्षातर्फे, आणि पडल्या. मेणबत्ती मोर्चाला येणारा माणूस तुमच्या मतदार यादीत असतोच असं नाही. आणि यादीत असला तरी मतदानाच्या दिवशी तो ‘तुम्ही चांगले आहात, पण मत वाया कशाला घालवू’ म्हणतो. त्याला नावं ठेवू नका. त्याचं गणित चुकलेलं नसतं.

एक वेगळा इशारा पूर्व युरोपातून मिळतो. 1980 च्या दशकात तिथे सरकारविरुद्ध बोलणं धोक्याचं, पण झाडं, नदी, हवा याबद्दल बोलणं त्या मानाने चालून जाई. बल्गेरियातल्या रूसे शहरावर डॅन्यूबच्या पलीकडून, रुमानियातल्या कारखान्यातून क्लोरीन यायचा. तिथल्या आया मुलांना घेऊन रस्त्यावर आल्या. 1989 मध्ये इकोग्लासनोस्त ही संघटना निघाली. ऑक्टोबरात सोफियामध्ये, आंतरराष्ट्रीय पर्यावरण परिषद चालू असताना, तिच्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी मारहाण केली. 10 नोव्हेंबरला कम्युनिस्ट सत्ताधीश झिवकोव्ह यांची सत्ता गेली. हंगेरीत डॅन्यूबवरच्या नाजमारोश धरणाविरुद्ध, एस्टोनियात फॉस्फेटच्या खाणींविरुद्ध, लाटव्हियात दौगावा नदीवरच्या धरणाविरुद्ध माणसं अशीच जमली. प्रचंड गर्दी! आणि स्वातंत्र्य आल्यावर? गर्दी आपापल्या खऱ्या घरी गेली: कुणी राष्ट्रवादी पक्षात, कुणी उदारमतवाद्यांकडे, कुणी धंद्यात. बहुतेक ठिकाणी हरित पक्ष लहानच राहिले. (लाटव्हियाने मात्र 2004 मध्ये इंदुलिस एमसिस यांच्या रूपाने हरित पक्षाचा पंतप्रधान दिला, जगातला पहिला.) तर तुमच्या मोर्चातली दहा हजार माणसं पर्यावरणासाठी आली आहेत, की मोबदला कमी म्हणून, की स्थानिक आमदारावरचा राग म्हणून, हे प्रामाणिकपणे मोजा. मोबदला वाढला की निम्मी जातील. त्यांनी जावं, त्यांचा तो हक्कच आहे, पण त्यांच्या जोरावर पक्षाचा आकडा मांडू नका.

आता समजा दार उघडं आहे, माणसं टिकणारी आहेत आणि तुम्ही आत गेलात. इथून जुन्या मंडळींचं म्हणणं खरं ठरायला लागतं, निदान अर्धं.

जर्मन हरितांना आपण बिघडू याची इतकी धास्ती होती की संस्थापकांतल्या एक, पेट्रा केली, आपल्या पक्षाला ‘पक्षविरोधी पक्ष’ म्हणत. नियम केला: खासदाराने दोन वर्षांनी जागा सोडायची आणि यादीतल्या पुढच्याला द्यायची. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात खासदाराला संसदेचं कामकाज कळायला लागतं तोवर घरी जायची वेळ येई. आणि 1985 मध्ये जागा सोडायला नकार देणाऱ्यांत खुद्द पेट्रा केली होत्या. मला यात ढोंग दिसत नाही. सत्तेचा अविश्वास नियमात बांधता येतो, पण अनुभवाची गरज त्या नियमाबाहेर उरतेच, एवढंच. फिरतीचा नियम पुढे सैल झाला आणि गेला.

मग वास्तववादी आणि मूलतत्त्ववादी अशी दोन गटांची भांडणं, ज्यांना तिथे ‘रेआलो’ आणि ‘फुंडी’ म्हणत. 1985 च्या डिसेंबरात वास्तववादी गटाचे योश्का फिशर यांनी पांढरे स्पोर्ट्स शूज घालून हेसन राज्याच्या पर्यावरणमंत्रिपदाची शपथ घेतली. चौदा महिन्यांत आघाडी मोडली, हानाऊच्या प्लुटोनियम इंधन कारखान्यावरून. 1990 मध्ये सारा देश एकीकरणाच्या उत्साहात असताना पक्षाने ‘सगळे जर्मनीबद्दल बोलतायत, आम्ही हवामानाबद्दल बोलतो’ असा प्रचार केला आणि पश्चिमेत 4.8 टक्क्यांवर संसदेबाहेर फेकला गेला. मुद्दा बरोबर होता, वेळ चुकली. निवडणुकीत हा फरक कुणी लक्षात घेत नाही.

1998 मध्ये आघाडीतून केंद्रात सत्ता मिळाली. फिशर परराष्ट्रमंत्री झाले, आणि अहिंसा हा स्थापनेचा एक खांब असलेल्या पक्षाला काही महिन्यांतच कोसोवो युद्धातल्या नाटोच्या हवाई हल्ल्यांना पाठिंबा द्यावा लागला. मे 1999 च्या बीलेफेल्ड अधिवेशनात त्यांच्याच पक्षाच्या सभागृहात त्यांच्यावर लाल रंगाने भरलेली पिशवी फुटली, कानाचा पडदा फाटला. पर्यावरण समिती पक्ष झाली की तिला युद्धावरही मत द्यावं लागतं, पेन्शनवरही, शाळांच्या वेळापत्रकावरही. ‘आमचा तो विषय नाही’ हे वाक्य त्या दिवसापासून बंद.

आणि ज्या अणुऊर्जेवरून सगळं सुरू झालं तिचं काय? 2000 मध्ये हरित ज्यात होते त्या आघाडी सरकारने वीज कंपन्यांशी करार केला: प्रत्येक केंद्राला साधारण बत्तीस वर्षांचं आयुष्य, मग बंद. आंदोलनातल्या लोकांना हा विश्वासघात वाटला. वीस वर्षं ‘ताबडतोब’ म्हणून घोषणा दिल्या त्याचं उत्तर हे? 2010 मध्ये नंतरच्या एका सरकारने मुदती वाढवल्या, जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर त्याच सरकारने त्या मागे घेतल्या, आणि शेवटची तीन केंद्रं 15 एप्रिल 2023 रोजी बंद झाली, हरित मंत्री सत्तेत असताना, तीही गॅसच्या टंचाईमुळे ठरल्यापेक्षा साडेतीन महिने उशिरा. व्हीलपासून मोजलं तर अठ्ठेचाळीस वर्षं. त्याच वर्षी जानेवारीत ल्युत्सेराथ हे गाव कोळशाच्या खाणीसाठी पोलिसांनी रिकामं केलं. राज्यात आणि केंद्रात दोन्हीकडे संबंधित खातं हरितांकडे होतं. त्यांनी कंपनीशी सौदा केला होता की कोळसा 2038 ऐवजी 2030 लाच बंद, पण हे गाव जाणार. चिखलात उभ्या असलेल्या पोरांना तो सौदा मान्य नव्हता. त्यातल्या कित्येकांनी त्याच पक्षाला मतं दिली असणार.

मला विचाराल तर सौदा करणारेही चूक नव्हते आणि चिखलातली पोरंही चूक नव्हती. चूक तिथे होते जिथे एकाच माणसाने दोन्ही करायचं असतं. टास्मानियात नदी वाचवणारी वाइल्डरनेस सोसायटी पक्षात विलीन झाली नाही. ती वेगळी राहिली आणि 1983 मध्ये नदीसाठी लेबरला मतं मागू शकली. समितीचाच पक्ष झाला असता तर ते जमलं नसतं. केनियात वांगारी मथाई यांनी 1977 पासून ग्रीन बेल्ट चळवळ चालवली, नैरोबीतल्या उहुरू पार्कमधला साठ मजली मनोरा अडवला, 2002 मध्ये मोठ्या विरोधी आघाडीतून खासदार झाल्या, उपमंत्री झाल्या, 2007 मध्ये पडल्या. झाडं लावणारी संघटना चालूच राहिली, कारण तिचा दिवा निवडणुकीच्या वातीवर नव्हता.

म्हणून तुमच्या समितीला माझा सल्ला असा. समितीचं नाव, खातं, कोर्टातला अर्ज, यातलं काहीही पक्षाकडे देऊ नका. ज्यांना निवडणूक लढवायची त्यांनी समितीच्या पदांचे राजीनामे द्यावेत, लेखी, आणि हरले तर वर्षभर परत पदावर येऊ नये. पहिली निवडणूक विधानसभेची नको. ग्रामपंचायत, नगरपरिषद, जिथे दोनशे मतांनी जागा फिरते तिथून करा. जर्मनीतही 1977 मध्ये हरित याद्या आधी जिल्हा पातळीवर उतरल्या होत्या. तिथे कचरा, पाणी, बांधकाम परवाने हे विषय हाताळताना तुमच्या माणसांना ‘नको’ सोडून दुसरं काय म्हणता येतं हे कळेल. आणि या निवडणुकीत तुमचा प्रकल्प थांबवायचा असेल तर उमेदवार उभा करण्याऐवजी गावागावातल्या मतदार याद्या घेऊन बसा, किती मतं खरोखर तुमच्या शब्दावर फिरतील ते घरटी मोजा, आणि तो आकडा घेऊन दोन्ही मोठ्या पक्षांच्या उमेदवारांकडे जा. वचन भाषणात घेऊ नका, स्टॅम्प पेपरवर घ्या. कायद्याने तो कागद फारसा बांधत नाही, पण पुढच्या निवडणुकीत घरोघरी दाखवायला हाताशी राहतो.